वकिलातीचं अनुदान आणि अशोक चौकातली खोली

प्रश्न : आदरणीय ताई, अशोक चौकाजवळ भाड्याच्या खोलीत आमचा ट्रस्ट बिडी कामगार बायकांना शिवण शिकवतो. नोंदणी २०१८ची, वर्षाचा खर्च तीन-साडेतीन लाख. परदेशी सरकारं लहान संस्थांना अनुदान देतात असं कळलं. आम्हाला पंधरा इंडस्ट्रियल मशिनी हव्यात. एक सल्लागार दहा टक्क्यांवर अर्ज लिहून देतो म्हणतो. परदेशी पैसे घ्यायचा परवाना आमच्याकडे नाही, पण पुण्यातली ओळखीची संस्था आपल्या खात्यात घेऊन आम्हाला देईल. असं करावं का? आणि आमच्यासारख्यांकडे कुठलं सरकार बघणार?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पुण्याचा विचार आजच सोडा. एका संस्थेनं परदेशी पैसा घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायचा, ही वाट एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनं बंद झाली आहे. दुसऱ्या संस्थेकडे परवाना असला तरीसुद्धा. तुमच्या भल्यासाठी कुणी हे करायला गेलं तर त्यांचीही नोंदणी धोक्यात येईल.

परदेशी सरकारचा रुपया आला की हाच कायदा लागतो. पाच वर्षांच्या नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. तुमचे साडेदहा लाखच भरतात. म्हणून तुमच्यासाठी पूर्वपरवानगीचा रस्ता. एक देणगीदार, एक काम, एक ठरावीक रक्कम. देणगीदाराचं पत्र जोडून एफसी-३बी फॉर्म ऑनलाइन भरायचा. स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि विश्वस्तांची आधार कार्डं आधी तयार ठेवा. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, इथल्या शाखेतून कागद पाठवता येतात. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबरच्या आत भरायचा.

मशिनीसाठी जपान सरकारची ग्रासरूट्स ही लहान संस्थांसाठीची अनुदान योजना बघा. महाराष्ट्राचं काम त्यांच्या मुंबईच्या वकिलातीकडे आहे. इमारत, यंत्रं, उपकरणं यांना ते पैसे देतात. पगार, भाडं, वीजबिल यांना नाही. प्रत्येक वस्तूची तीन दुकानांची कोटेशनं लागतात. अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेचं नाव अजून लोक घेतात, पण तिचं काम १ जुलै २०२५ला थांबलं. ब्रिटननंही भारताला द्यायची थेट आर्थिक मदत २०१५मध्येच संपवली. तिकडे वेळ घालवू नका.

आता अर्जाचं. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, शिवण केंद्राचाच. "महिला सक्षमीकरण" हा शब्द त्यात जवळजवळ प्रत्येक पानावर होता. वकिलातीचा माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरला, आमच्या खोलीत सतरंजीवर बसला आणि भिंतीवरच्या मीटरकडे बघत विचारलं, "इथं इतक्या मशिनी चालतील एवढा लोड मंजूर आहे का? बिल कोण भरणार? मशीन बंद पडलं तर मेकॅनिक कुठून येणार?" आम्ही पाचजणी एकमेकींकडे बघत राहिलो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षांनी मशिनी धूळ खात पडल्या असत्या, तर त्या देशाच्या लोकांनी भरलेला कर वाया गेला असता.

दुसऱ्या वेळी मी वही घेऊन घरोघर गेले. एका बाईच्या मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून ती कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी, दोऱ्याचा वेढा, आणि मग बिडीचं तोंड मुडपायचं. माझ्याशी बोलताना हात एकदाही थांबला नाही. दिवसाला हजार बिड्या व्हायच्या होत्या. मी विचारलं, "शिवायला येशील का?" ती मराठीत तेलुगू मिसळत म्हणाली, "अक्का, बिडी घरात होतीय. पोरगं पायाशी असतंय. तुमच्या मशिनीपाशी पोराला कोण बघणार?"

त्या एका वाक्यानं आमचा अर्ज बदलला. शेजारची खोली पाळणाघरासाठी घेतली, वर्ग दुपारी दोन ते पाच ठेवला, कारण सकाळी कारखान्यात बिड्या द्यायला जावं लागतं. पाळणा सांभाळणाऱ्या मावशींचा पगार अनुदानात बसत नव्हता; तो इथल्याच तीन युनिफॉर्म कारखानदारांनी वाटून घेतला आणि तसं लेटरहेडवर लिहून दिलं. मेकॅनिकचंही पत्र जोडलं. अर्ज मंजूर झाला. तुमच्याकडे किती बायकांना तान्ही मुलं आहेत, शिकून झाल्यावर काम कोण देणार, पाचव्या वर्षी मशिनीचा पट्टा तुटला तर पैसे कुठून आणणार, हे आधी लिहा.

सल्लागाराला नाही म्हणा. मशिनीच्या अनुदानात त्याच्या दहा टक्क्यांना जागा नसते. मग ते एक तर तुमच्या खिशातून जातात नाही तर फुगवलेल्या बिलातून, आणि बिल फुगवणं म्हणजे सरळ चोरी आहे. शिवाय तो तुमच्या खोलीत एक दुपारही बसलेला नाही. अर्ज मराठीत लिहा, ओळखीच्या शिक्षकांकडून इंग्रजी करून घ्या.

आमच्याकडे कोण बघणार, असं विचारलंत. ताई, आपल्या सोलापूरचा पोरगा डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ला वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ला तिथंच वारला. एका देशानं दुसऱ्याच्या अडीनडीला जावं, ही गोष्ट या गावाला परकी नाही. मागताना मान खाली घालू नका, फक्त घेतलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवा.

खर्डा झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचीन. सोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या वीजबिलांच्या झेरॉक्स जोडा, आणि खोलीच्या मालकाकडून किमान पाच वर्षांचा भाडेकरार होतोय का ते त्याआधी विचारून घ्या.