गाडीच्या इंजिनातून घूंऽऽ असा आवाज येतोय, गॅरेजवाला इंजिन खोलायला सांगतोय, काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 88 हजार किलोमीटर, 2022 मध्ये चिपळूणलाच सेकंडहँड घेतलेली, गणपतीच्या आधी बेल्ट बदलला आणि दसऱ्यापासून बोनेटमधून घूंऽऽ असा आवाज, उभ्या गाडीत रेस दिली तरी वाढतो, एसी लावला की अजून थोडा जास्त, गॅरेजवाला म्हणतो इंजिनचं काम निघालंय 35-40 हजार धरून चला, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय. बरोबर ना? मग आधी एवढंच करा, इंजिन खोलायला आत्ता हो म्हणू नका.

मी मेकॅनिक नाही. मालवणला आमचं छोटं होमस्टे आहे, पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणा-सोडायला गाडी रोज पळते, त्यामुळे गाडीचे आवाज ऐकायची सवय लागलीय. पण तुमचं उत्तर खरं तर तुमच्याच प्रश्नात पडलेलं आहे. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, नुसती रेस दिली की आवाज वाढतो म्हणजे चाकाचं बेरिंग नाही, ते गाडी पळायला लागल्यावरच ओरडतं आणि वळणावर कमीजास्त होतं. उरलं ते इंजिनच्या वेगाने फिरणारं काहीतरी. आणि बेल्ट नुकताच बदललाय. मी असतो तर सगळ्यात आधी त्या बेल्टच्या वाटेवर जे जे फिरतं त्याच्याकडे बोट दाखवलं असतं.

बोनेट उघडून इंजिनच्या बाजूने खाली बघा, एक लांब रेघांचा काळा बेल्ट दिसेल. तो खालच्या क्रँक पुलीवरून निघतो आणि बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर (आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांमध्ये वॉटर पंप, असं सगळ्यांना फिरवत जातो, आणि मध्ये एकदोन रिकाम्या पुल्या असतात, त्यांचं काम फक्त बेल्ट ताणून धरायचं नाहीतर वळवायचं, टेन्शनर आणि आयडलर. ह्या प्रत्येकाच्या पोटात बेरिंग आहे. आल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा बरीच लहान, त्यामुळे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असतं तेव्हा तो दोन हजाराच्या वर फिरत असतो, म्हणून त्याचं बेरिंग गेलं की आवाज बारीक आणि चढा येतो, शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्यासारखा. इंजिनच्या आतलं काही गेलं की सहसा टकटक, खडखड असं काहीतरी ठोक्याचं येतं, सलग घूंऽऽ कमी वेळा. अर्थात ऑइल स्टिक काढून लेव्हल आधी बघून घ्याच, आणि ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर मात्र गाडी चालूच करू नका.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन सीझनला, माझ्या गाडीला अस्साच आवाज. इथल्या एका गॅरेजवाल्याने ऐकलं न ऐकलं आणि म्हणाला डायनामो गेला. रिपेअर केलेला दुसरा बसवला, साडेसहा हजार घेतले. आवाज जसाच्या तसा. तर म्हणे नवीन आहे, बसेल हळूहळू. आवाज काय बसतो होय, पापड आहे का तो! शेवटी कणकवलीला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्याने एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक आल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली, मग कॉम्प्रेसरवर, मग आयडलर पुलीच्या मधल्या बोल्टवर, आणि तिथे थांबून मला म्हणाला घे, तू आयक. मी कान लावला आणि दचकलोच, कवटीत कोणीतरी वाळू दळतंय असा आवाज. आल्टरनेटरवर तोच स्क्रू ड्रायव्हर लावला तर नुसती गुणगुण. "इंजिन खोलूची काय गरज नाय, पुली गेली हा." पाच मिनिटांत निदान.

मग त्याने बेल्ट उतरवून ती पुली काढली आणि माझ्या हातात दिली, म्हणाला फिरव. मी बोटाने गरकन फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरतच राहिली. मला वाटलं, छान फिरतेय की, चांगलीच आहे. तो हसला आणि नवीन पुली दिली, ती अर्धा वळसा फिरून गप्प थांबली, कारण आत ग्रीस भरलेलं असतं ते धरून ठेवतं. जुन्यातलं ग्रीस संपलेलं, कोरड्या गोळ्या मोकाट फिरत होत्या, म्हणून ती "छान" फिरत होती, आणि नीट ऐकलं तर खरखर येतच होती. हे लक्षात ठेवा, पुली हातात घेऊन बघाल तेव्हा बहुतेक लोक इथेच फसतात.

तुम्ही घरी काय करू शकता तर, गाडी सकाळी गार असताना स्टार्ट करा आणि आधी एसी, ब्लोअर सगळं बंद ठेवून ऐका. मग फक्त ब्लोअर लावा. ब्लोअरनेच आवाज वाढला तर तो बोनेटमधला नाहीच, काचेखालच्या जाळीतून आंब्याफणसाची पानं आत जाऊन पंख्यात अडकतात, आपल्याकडे झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचा हा नेहमीचा घोळ, आणि कधी कधी उंदराने घरटंच केलेलं असतं. मग एसी लावा. इथे एक गंमत आहे, एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार तर येतोच पण रेडिएटरचा पंखाही सुरू होतो आणि आल्टरनेटरवरही लोड येतो, म्हणजे तीन संशयित एकदम जागे होतात, त्यामुळे "एसी लावला की वाढतो" एवढ्यावरून कॉम्प्रेसर गेला असं कोणी म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. एसी बंद करून हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून बघा, तरी आवाज चढला तर आल्टरनेटरवर संशय वाढतो. कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते हेही ध्यानात असू द्या.

क्लच दाबूनही बघा. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या आतलं बेरिंग, दाबल्यावरच आला तर क्लचचं रिलीज बेरिंग, आणि काहीच फरक पडला नाही तर तिकडे बघायचं कारण नाही.

खरी परीक्षा मात्र बेल्ट काढूनच होते, आणि ती मेकॅनिककडून तुमच्यासमोर करून घ्या. इंजिन गार असताना बेल्ट उतरवायचा आणि वीस-तीस सेकंद इंजिन चालू करायचं, जास्त नाही कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. घूंऽऽ गायब झाला तर दोषी बेल्टच्या वाटेवरच आहे, मग एकेक पुली हाताने फिरवून, हलवून बघायची. तसाच राहिला तर मग टायमिंग चेनच्या (इंजिनच्या आतल्या साखळीच्या) बाजूला वगैरे जायचं, काही गाड्यांत वॉटर पंपही तिकडेच आत असतो, आणि तेव्हा कुठे तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐकायची वेळ येते.

स्क्रू ड्रायव्हरची ट्रिक स्वतः करणार असाल तर खांद्यावरचा टॉवेल आधी घरात ठेवून या. आपल्याकडे सकाळी टॉवेल टाकूनच बोनेट उघडायची पद्धत, आणि फिरता बेल्ट टॉवेल विचारून ओढत नाही. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तिकडेही बोटं नकोत.

आता बेल्ट बदलल्यावरच का सुरू झालं? दोन शक्यता. काही गाड्यांना आपोआप ताणणारा टेन्शनर नसतो, बेल्ट हाताने ताणून बोल्ट आवळायचा असतो, आणि "परत सैल व्हायला नको" म्हणून फार घट्ट आवळला की आल्टरनेटरचं बेरिंग दीडदोन महिन्यांत बोंबलतं. तुमचे दिवस तसे जुळतातच. दुसरं म्हणजे बेल्ट नवा टाकला आणि 88 हजार फिरलेल्या पुल्या जुन्याच ठेवल्या. खाऱ्या हवेत, चिऱ्याच्या लाल धुळीत आणि चार महिने पावसात त्या बेरिंगचं सील टिकून टिकून किती टिकणार?

अजून एक, विचारू नये पण विचारतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि तुम्ही गाडी पुढच्याच वर्षी तिथेच घेतलीत. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातकट रेघ आहे का. स्टेपनीच्या खड्ड्यातला कार्पेट उचलून बघा. पाण्यात गेलेल्या गाडीची बेरिंगं नंतर एकेक करून त्रास देत राहतात, मग एक बदलून भागत नाही.

आल्टरनेटरच निघाला तरी अख्खा बदलायची घाई नको. आवाज येतोय पण चार्जिंग नीट असेल, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवत असतील, तर गाड्यांच्या वायरमनकडे खोलून नुसती बेरिंगं बदलून मिळतात. जुन्या बेरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ 6203 म्हणजे आतलं भोक 17, बाहेरून 40 आणि जाडी 12 मिलिमीटर. तो नंबर घेऊन बेरिंगच्या दुकानात जा, आणि चांगल्या कंपनीचं, दोन्हीकडे रबरी सील असलेलं, म्हणजे 2आरएस लिहिलेलं मागा, आल्टरनेटरसाठी पुढे सी3 (म्हणजे आत जरा जास्त मोकळीक असलेलं) पण बघा. पत्र्याचं झाकण असलेलं झेडझेड आपल्या दमट हवेत मी तरी घेणार नाही. मला कणकवलीला पुलीचं बेरिंग अडीचशेला पडलं, मजुरी चारशे, आणि ते साडेसहा हजार गेले ते गेलेच.

आणि कोणी गंज काढायचा स्प्रे बेरिंगवर मारून आवाज घालवून दाखवला तर खूश होऊ नका, उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं आणि चार दिवसांनी डबल आवाज येतो.

कराडचं मात्र हे बघितल्याशिवाय नको. पुली जाम झाली तर बेल्ट घासून जळतो नाहीतर तुटतो, मग चार्जिंग बंद, आणि पंप त्या बेल्टवर असेल तर कुंभार्लीच्या चढाला इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर जायला वेळ लागणार नाही. अगदीच जावं लागलं तर एसटीने जा. बेल्ट काढून ऐकल्यावर आवाज राहिला की गेला ते इथेच लिहा, मग पुढचं बघू.