इमर्जन्सी स्टॉपला चुकून धक्का लागतो, त्यावर झाकण बसवावं का?

उघडावं लागेल असं झाकण कृपा करून बसवू नका. पॅकिंग लाइनवर पॅलेट ट्रकचा नाहीतर कुणाच्या कोपराचा धक्का बसून इमर्जन्सी दाबली जाते, लाइन थांबते आणि वरून बोलणी खावी लागतात, हे तुमचं दुखणं खरं आहे. पण कन्व्हेयरमध्ये कुणाची बाही अडकली तर शेजारच्याला तळहाताने एका फटक्यात ते बटण दाबता आलंच पाहिजे.

मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आधी एखादी शिफ्ट तिथे उभं राहून धक्का नेमका कुठून येतो ते बघा. बरेचदा बटण ये-जा करायच्या बाजूला, ट्रॉलीच्या हँडलच्या उंचीवर बसवलेलं असतं. ते पॅनेलच्या दुसऱ्या अंगाला घ्या किंवा थोडं वर सरकवा. आयएसओ 13850 या इमर्जन्सी स्टॉपच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उभं राहण्याच्या जागेपासून 0.6 ते 1.7 मीटर उंची चालते, म्हणजे वाव भरपूर आहे. पॅलेट ट्रकच धडकत असेल तर वाटेत पाइपचा बॅरियर ठोका. तरीही भागलं नाही तर मशरूमभोवती, म्हणजे बटणाच्या छत्रीसारख्या डोक्याभोवती बसणारी, पुढून उघडी पिवळी कॉलर मिळते. बाजूचा धक्का ती झेलते. बसवल्यावर जाड हातमोजा घालून तळहाताने दाबून बघा; बोट आत घालावं लागत असेल तर ती कॉलर उपयोगाची नाही.

लाइन थांबते तेव्हा बटण खरंच दाबलेलं सापडतं का, हेही तपासा. मशरूम एकदा दाबला की तसाच अडकून राहतो, फिरवल्याशिवाय किंवा ओढल्याशिवाय सुटत नाही. तो वरच असेल आणि तरी लाइन ट्रिप होत असेल, तर शोध वायरिंगमध्ये घ्या. इमर्जन्सीचे कॉन्टॅक्ट एनसी (नॉर्मली क्लोज्ड) असतात, म्हणजे बटण न दाबता सर्किट जोडलेलं राहतं. व्हायब्रेशनने टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला तरी सर्किट तुटतं आणि मशीन थांबतं. ते तसंच थांबायला हवं. स्क्रू आवळा, वायर बदला, पण जंपर, म्हणजे बटणाला वगळून जोडणारी वायर टाकून लाइन चालू ठेवायला कुणी सांगितलं तर साफ नकार द्या.

काही ऑपरेटर रोजचं थांबवणंही इमर्जन्सीनेच करतात, कारण साधा स्टॉप हाताशी नसतो. तो जवळ आणून द्या. आणि दाबणाऱ्याला रागावणं आधी बंद करा. बोलणी बसतात म्हटल्यावर माणसं खऱ्या कारणाने दाबलं तरी ‘चुकून लागलं’ म्हणून सांगतात, आणि मग लॉगबुकवरून तुम्हाला काहीच कळत नाही. कुठलं बटण, किती वाजता, त्या वेळी काय चाललं होतं, एवढंच लिहायला सांगा.