वाहनविषयक प्रश्नोत्तरे : रिमोट बंद पडला म्हणजे चावी गेली असे नव्हे

प्रश्न : आमची गाडी सात वर्षांची आहे. पूर्वी अंगणाच्या फाटकातून बटण दाबले तरी दरवाजे उघडत. उन्हाळ्यापासून अगदी काचेजवळ जाऊन बटण दाबावे लागू लागले आणि आता तर काहीच होत नाही. नवा सेल टाकला, तो दोन दिवस चालला आणि पुन्हा तीच गत झाली. गाडी मात्र त्याच चावीने सुरू होते. चावीवाले म्हणतात की चावीच बदलून नव्याने कोडिंग करावे लागेल आणि त्यासाठी घरातली दुसरी चावीही आणावी लागेल. ती गाडी घेतल्यापासून कपाटातच आहे. हा खर्च करावा का?
(एक शिक्षक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : एवढ्यात करू नये. गाडी त्याच चावीने सुरू होते, हे आपले वाक्य फार महत्त्वाचे असून त्यावरूनच निम्मे निदान होते. अशा चावीच्या एकाच प्लास्टिकच्या कवचात तीन स्वतंत्र गोष्टी असतात : धातूचे पाते, इंजिन सुरू होऊ देणारी चिप आणि दरवाजे उघडणारा रिमोट. यांपैकी चिपला सेल लागतच नाही. चावी फिरवली की इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरी निघतात, त्यांतूनच चिपला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते आणि ती आपली ओळख गाडीला कळवते. ओळख पटली तरच इंजिन चालू राहते. रिमोटचे काम निराळे आहे. तो सेलच्या तीन व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींनी दरवाजांना आज्ञा देतो. म्हणजे आपली चिप ठणठणीत आहे, आणि तिचे कोडिंग पुन्हा करण्याचे कारण अजून तरी दिसत नाही.

आता कपाटातली चावी बाहेर काढावी. तिच्यातला सेलही सात वर्षांचाच असल्यामुळे आधी तो बदलावा आणि मगच बटण दाबून पाहावे. नाहीतर जुन्या सेलमुळे ती चालणार नाही आणि दोष गाडीत आहे असा उगाच समज होईल. त्या चावीने दरवाजे उघडले, तर गाडी निर्दोष असून बिघाड रोजच्या चावीच्या रिमोटमध्ये आहे हे नक्की झाले. दोन्ही चाव्या निकामी ठरल्या, तर चालकाच्या दारावरच्या बटणाने सगळी कुलपे लागतात का ते पाहावे. तीही लागत नसतील तर सेंट्रल लॉकच्या फ्यूजवर संशय घ्यावा आणि दारावरच्या बटणाने लागत असतील तर रिमोटचा संदेश घेणारा भाग चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.

आपल्या पत्रातला खरा कळीचा मुद्दा मात्र दोन दिवसांचा आहे. चांगला सेल अशा चावीत वर्ष-दोन वर्षे सहज चालतो, त्यामुळे दोन दिवसांत तो बंद पडला याला काहीतरी कारण असलेच पाहिजे, आणि ते शोधल्याशिवाय तिसरा सेल टाकण्यात अर्थ नाही. पहिली शक्यता अशी की सेल चुकीच्या मापाचा मिळाला. सेलवरचे आकडे म्हणजे त्याचे मापच असते : २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, तर २०२५ म्हणजे व्यास तेवढाच, पण जाडी २.५ मिलिमीटर. २०३२ च्या जागी २०२५ बसतो, बटणही चालते, पण पातळ असल्यामुळे तो आत सैल राहतो आणि चावी एकदा हातातून पडली की संपर्क सुटतो. जुन्या सेलवरचा क्रमांक वाचून तोच मागावा आणि पाकिटावरची मुदतीची तारीखही पाहावी. गल्ल्यामागे दोन-तीन उन्हाळे लटकलेल्या पाकिटापेक्षा घड्याळवाल्याकडचा सेल बहुधा ताजा असतो, कारण त्याच्याकडे रोज खप असतो.

दुसरी शक्यता आम्हांला अधिक खरी वाटते. सात वर्षांच्या वापरात रबराचे बटण झिजून आत रुतते, किंवा त्याखालची बारीक कळ दाबलेल्याच अवस्थेत अडकते. मग चावी खिशात असतानाही रिमोट संदेश पाठवण्याच्या प्रयत्नात राहतो आणि सेल एक-दोन दिवसांत रिकामा होतो. यासाठी चावी उघडावी लागेल. कडेला एक बारीक खाच असते, तिथे नाणे किंवा सपाट पेचकसाचे टोक घालून हलकेच पिळले की कवचाचे दोन भाग सुटतात; काही चाव्यांत पात्याजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो आधी काढावा. उघडताना खाली पांढरा कपडा अंथरावा. पुष्कळ चाव्यांत ती चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा काचेचा किंवा काळा तुकडा असतो आणि तो सर्किटवर नसून कवचाच्याच एका खोबणीत सुटा बसवलेला असतो. नवे कवच टाकताना जुने कवच त्या तुकड्यासह फेकले गेले, तर रिमोट चालतो आणि गाडी सुरू होत नाही. आज आपल्याकडे जे शाबूत आहे तेच असे हातचे जाऊ नये, यासाठी हे एवढ्या तपशिलाने लिहीत आहोत.

सर्किट हातात आल्यावर सेल काढून प्रत्येक कळ नखाने दाबून पाहावी. चांगली कळ टक्‌ असा आवाज करून वर येते, खराब झालेली मऊ लागते. एखादी कळ हलत असेल तर तिचा डाग सुटला आहे, आणि मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर तो बारीक सोल्डरिंग इस्त्रीने काही मिनिटांत पुन्हा लावू शकतो. रबर झिजले असेल तर बहुतेक गाड्यांसाठी केवळ कवच आणि बटणेही वेगळी मिळतात. चावी कधी विजारीच्या खिशातून धुण्यात गेली असेल, तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरट किंवा हिरवट थर सेलच्या पट्ट्यांवर दिसेल. आपल्या भागात हे फार आढळते आणि हा थरसुद्धा वीज हळूहळू गळू देतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसावा, पाण्याने नव्हे, आणि पूर्ण वाळल्यावरच सेल बसवावा. मेच्या उन्हात चावी डॅशबोर्डवर ठेवण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण अशा सेलना साधारण ६० अंशांपर्यंतचेच तापमान मानवते आणि बंद गाडीत डॅशबोर्ड त्याहून अधिक तापतो.

काढलेला सेल लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी मुलाला उलटी करायला न लावता थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

चावीवाल्यांनी दुसरी चावी मागितली हे चुकीचे नाही. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना आधीच्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे सर्व चाव्या एकाच वेळी समोर असाव्या लागतात. शेवटी तशी वेळ आलीच तर ते काम आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावे. परंतु आधी सेल, कळा आणि कवच पाहावे. यांतला सर्वांत मोठा खर्चही नव्या चावीच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.

प्रश्न : रिमोट चालू आहे की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते असे ऐकले. मी करून पाहिले, काहीच दिसले नाही. रिमोट खराब समजावा का?
(एक वाचक, जालना)

उत्तर : समजू नये. ही युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे, कारण त्यातून अवरक्त प्रकाश निघतो आणि तो कॅमेऱ्याला दिसू शकतो. गाडीचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो आणि त्या कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाहीत. चावीवर बारीक दिवा असेल आणि तो लागत असेल, तर त्यावरून सेलमध्ये जीव आहे एवढेच कळते. संदेश खरोखर बाहेर पडतो का, हे चावीवाल्यांकडच्या फ्रिक्वेन्सी तपासणाऱ्या यंत्रावर लगेच समजते.

प्रश्न : आमच्या गाडीला बटण दाबून सुरू करण्याची सोय आहे. शेतात असताना चावीचा सेल संपला तर गाडी उघडायची आणि सुरू कशी करायची?
(एक शेतकरी वाचक, भोकर, जि. नांदेड)

उत्तर : अशा चावीच्या पोटात एक साधे पाते लपवलेले असते. कडेची बारीक कळ सरकवली की ते बाहेर येते. चालकाच्या दाराच्या मुठीपाशी कुलपाचे छिद्र असते आणि काही गाड्यांत ते टोपीखाली झाकलेले असते. पात्याने दार उघडल्यावर भोंगा वाजू लागला तरी घाबरू नये, गाडी सुरू झाली की तो थांबतो. त्यानंतर ब्रेक दाबून, गाडीला क्लच असेल तर तोही दाबून, चावी स्टार्टच्या बटणाला अगदी टेकवावी आणि बटण दाबावे. सेल नसला तरी आतली चिप एवढ्या जवळून ओळखली जाते. काही गाड्यांत चावी ठेवण्याची ही जागा बटणापाशी नसून कप ठेवण्याच्या खोलगट भागात किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर असते, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील ते पान एकदा घरीच पाहून ठेवावे. त्याच वेळी लपवलेले पाते दाराच्या कुलपात घालून फिरवूनही पाहावे, कारण वर्षानुवर्षे न वापरलेल्या कुलपात धूळ बसून ते जाम झालेले असते. तसे असल्यास त्यात तेल न सोडता ग्राफाइटची पूड फुंकावी आणि पाते चार-पाच वेळा आत-बाहेर करावे.