भुलीच्या काळात शरीराची राखण कोण करते?

तुमचा प्रश्न असा आहे: आईंचे वय ६२ आहे, पित्ताशयात खडे झाल्यामुळे पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले आहे आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तर भूल दिल्यावर शरीरात नेमके काय होते, ती झोपच असते का, आणि भुलीत माणूस मनातले बोलून जातो हे खरे आहे का. मी कोल्हापुरात २२ वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. हा प्रश्न मला ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचर आत जात असताना, इतक्या वेळा विचारला गेला आहे की ‘काळजी करू नका’ यापलीकडे उत्तर देण्याची सवड बहुधा मिळालेलीच नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

‘आता तुम्हाला छान झोप लागेल’ असे आम्ही प्रत्येक रुग्णाला सांगतो खरे, पण ते धीर देण्यासाठी असते. झोपलेल्या माणसाला डास चावला तर तो हात मारतो, थंडी वाजली तर पांघरूण ओढतो, तोंडात लाळ साठली तर गिळतो आणि एका कुशीवर अवघडला तर दुसऱ्या कुशीवर वळतो, म्हणजे झोपेतही शरीर स्वतःची राखण करतच असते. शाळवाच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाला डुलकी लागते, पण पाखरांचा थवा उतरला की त्याच्या हातात गोफण आलेलीच असते. झोप ही अशी असते. पूर्ण भुलीत मात्र वेदना, श्वास, खोकला, रक्तदाब, शरीराची ऊब, अगदी पापण्यांची उघडझाप, या सगळ्या राखणदारांना आम्ही औषधे देऊन रजेवर पाठवतो आणि ते परत येईपर्यंत त्यांची कामे स्वतः करतो. सुई टोचणे आणि ‘झोपवणे’ हा आमच्या कामाचा लहानसा भाग आहे.

हे काम सुरू होते ते तोंडावर मास्क धरण्यापासून. निवांत पडलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत दोन-अडीच लिटर हवा शिल्लक राहते, परंतु हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असल्यामुळे आपल्या गाठीला खरा साठा जेमतेम अर्धा लिटर असतो, आणि श्वास थांबला तर तो एक-दोन मिनिटांत संपत येतो. भुलीच्या औषधाने श्वास थांबणारच आहे हे आम्हाला ठाऊक असते, म्हणून आधी सुमारे ३ मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देऊन आम्ही हा साठा जवळजवळ चौपट करून घेतो. मास्क घट्ट बसला की काहींचा जीव घाबरा होतो. त्या वेळी तो हाताने बाजूला सारायचा नाही, सावकाश मोठे श्वास घ्यायचे, एवढे आईंना आधी सांगून ठेवलेत तर आमचे आणि त्यांचे दोघांचेही काम सोपे होईल. (बाहेरून धिप्पाड दिसणाऱ्या माणसाचा हा साठा मोठा असेल असे वाटते, पण पोटाचा घेर वाढला की आडवे पडल्यावर फुप्फुसे दाबली जातात आणि साठा उलट लवकर संपतो. त्यात मान आखूड आणि जाड असली तर घशात नळी घालणेही अवघड. तालीम सोडून पंधरा-वीस वर्षे झालेले पण खुराक न सुटलेले पैलवान आमच्या गावात कमी नाहीत, आणि त्यांना भूल देताना माझीच छाती जास्त धडधडते.)

त्यानंतर हातातल्या सुईतून प्रोपोफॉल नावाचे औषध जाते. सोयाबीनच्या तेलात मिसळून केलेले असल्यामुळे ते दुधासारखे पांढरे दिसते, आणि शिरेतून जाताना थोडे चरचरते. मेंदूतील पेशींना शांत करणारे गाबा हे द्रव्य आपल्या शरीरात असतेच. प्रोपोफॉल त्याचा परिणाम वाढवते आणि साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध हरपते. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, तो सांभाळण्याची औषधे सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलेली असतात. वेदनेसाठी फेंटानिलसारखे वेगळे औषध लागते, आणि स्नायू सैल करण्यासाठी तिसरे. या तिसऱ्याची कुळकथा मला फार आवडते: दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत असलेल्या क्युरारे या विषापासून ती सुरू होते. बोस्टनमध्ये १८४६ साली ईथरची भूल देऊन जाहीरपणे ऑपरेशन झाले, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे पोटाचे स्नायू सैल करायचे तर ईथरची मात्राच वाढवावी लागत असे आणि तिचा भार हृदयावर व श्वासावर पडे. १९४२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे क्युरारेचा शुद्ध अर्क भुलीसाठी वापरला गेला आणि हलकी भूल देऊनही पोट मऊ ठेवता येऊ लागले. ही औषधे मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाहीत आणि हातापायांपासून श्वासाच्या पडद्यापर्यंत (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूपर्यंत) सगळे ऐच्छिक स्नायू लुळे करतात, हृदयाला मात्र हात लावत नाहीत, कारण हृदयाच्या स्नायूचे चालणे मज्जातंतूंच्या त्या हुकुमावर अवलंबून नसते.

आता श्वास पूर्ण थांबलेला असतो. जीभ बाजूला सारून, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत नळी घालायची आणि ती व्हेंटिलेटरला जोडायची. नळी योग्य जागी आहे याची खरी खात्री बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून होते. मॉनिटरवर त्याच्या चौकोनी लाटा एकामागोमाग उमटू लागल्या की मी श्वास सोडतो. नळी घालतानाच्या त्या क्षणी रुग्णाला काहीही कळत नसते, तरीही नाडी आणि रक्तदाब उसळी मारतात. नातेवाइकांना हे सांगितले की आश्चर्य वाटते, पण शुद्ध नसणे आणि शरीराने प्रतिक्रिया न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आम्हाला दोन्ही सांभाळायच्या असतात.

इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आमच्या भागात ती फार लपवली जाते. गुटखा आणि मावा वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्यांचे तोंड उघडेनासे होते; जिथे स्वतःची तीन बोटे उभी सहज जायला हवीत तिथे एक-दीड बोटच जाते, आणि मग नळी नाकातून, दुर्बिणीच्या साहाय्याने, रुग्ण जागा असतानाच घालावी लागते. हे आदल्या दिवशी कळले तर तयारी करता येते, टेबलावर कळले तर धावपळ होते. बायका मिश्रीबद्दल सुनेसमोर बोलत नाहीत, पुरुष तंबाखूबद्दल मुलासमोर बोलत नाहीत. आईंना काही सवय असेल, एखादा दात हलत असेल, कवळी असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, अगदी कोणा वैद्यांचे चूर्ण चालू असेल, तरी भूलपूर्व तपासणीत ते सगळे सांगा. कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती थांबवायची हे घरी ठरवू नका.

उपाशी राहण्याचे कारणही याच राखणदारीत आहे. आपल्या घशाला चुकून काही श्वासनलिकेकडे गेले की ठसका लागतो. भुलीत तो ठसका नसतो, त्यामुळे पोटातले आंबट अन्न वर येऊन फुप्फुसात उतरले तर थांबवणारे कोणी नसते, आणि त्यातून होणारी इजा जिवावर बेतू शकते. म्हणून साधे अन्न किमान ६ तास, तेलकट किंवा मटणाचे जेवण ८ तास, आणि साधे पाणी २ तास आधी बंद असावे लागते. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना मी तीनदा विचारले होते, काही खाल्ले आहे का. तिन्ही वेळा ‘नाही’. मास्क लावता लावता ते म्हणाले, “जेवलो नाही डॉक्टर, नुसतं मूठभर भडंग खाल्लं.” ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेले आणि बाहेर नातेवाइकांनी मलाच चार शब्द सुनावले. भडंगालाही खाणेच म्हणतात, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनविषयी. आत नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढा ठेवतात. पोट फुगले की श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात, आणि पोटातला तो वायू रक्तातही शोषला जातो. म्हणून आम्ही व्हेंटिलेटरचे श्वास वाढवून तो बाहेर काढत राहतो. वायू भरताना क्वचित हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, तेव्हा सर्जनला थांबायला सांगून ठोके वाढवणारे अॅट्रोपिन द्यावे लागते. पित्ताशय दिसण्यासाठी टेबल डोक्याकडून उंच करतात, त्यामुळे रक्त पायांकडे साठते आणि रक्तदाब पुन्हा उतरू पाहतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की उठल्यावर आईंचा उजवा खांदा दुखू शकतो. पोटाच्या ऑपरेशनने खांदा का दुखावा? पडद्याला आणि खांद्याच्या त्वचेला जाणाऱ्या मज्जातंतूंचे मूळ मानेत एकाच ठिकाणी आहे, म्हणून पडद्याला झालेला त्रास मेंदूला खांद्यात जाणवतो. कोणी हात पिरगाळला असे समजू नका. एक-दोन दिवसांत ते थांबते.

शरीराची ऊबही आम्हालाच राखावी लागते. भुलीने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली उष्णता हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासातच आतले तापमान १ ते १.५ अंशांनी उतरू शकते. उठल्यावर अनेकांना हुडहुडी भरते ती यामुळे. पापण्या पूर्ण मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांवर चिकटपट्टी लावतो, नाहीतर बुबुळ कोरडे पडून ओरखडते. कोपराखाली गादी ठेवतो, कारण तिथली नस दबली तरी हात काढून घेणारा माणूस हजर नसतो.

मध्येच शुद्ध आली तर, ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती बहुतेकांच्या मनात असते. ब्रिटन आणि आयर्लंडमधील मोठ्या पाहणीत, जिचा अहवाल २०१४ मध्ये आला, असे सुमारे १९,००० भुलींमागे एकदा घडल्याची नोंद झाली. भूल टिकवून ठेवण्यासाठी व्हेंटिलेटरमधून जाणाऱ्या सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनच्या वाफेचे प्रमाण रुग्णाच्या प्रत्येक उच्छ्वासात मोजता येते, आणि आम्ही ते सतत पाहत असतो. वय वाढते तशी ही मात्रा कमी लागते, चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ६ टक्क्यांनी. म्हणजे आईंना तुमच्यापेक्षा कमी भूल पुरेल.

शेवटचा टाका होत आला की वाफ बंद करतो. ती श्वासावाटेच बाहेर पडते, स्नायू सैल करणाऱ्या औषधावर उतारा देतो, हाक मारल्यावर डोळे उघडले आणि श्वास भरपूर आला की नळी काढतो. आईंना मधला काळ गेल्याचे जाणवणारच नाही. घसा दिवसभर खवखवेल, मळमळ होऊ शकते (स्त्रियांना आणि गाडी लागणाऱ्यांना अधिक), आणि पाणी किंवा पातळ पदार्थ कधी द्यायचे ते सर्जन सांगतील. चष्मा असेल तर तो रिकव्हरी रूममध्ये लवकर पोचवा. धूसर दिसले की वयस्क माणसे उगाच भांबावतात.

राहिला बोलण्याचा प्रश्न. नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना आवाज निघणे शक्यच नाही. नळी काढल्यावर गुंगीत माणसे दोन-चार शब्द बोलतात, पण घरातली गुपिते मी आजवर एकही ऐकलेले नाही. “झालं?” आणि “पाणी” हे नेहमीचे शब्द. गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका मावशींनी डोळे उघडताच मला विचारले होते, “म्हशीची धार कुणी काढली रं?”