सिव्हिल राइट्स म्हणजे नागरी हक्क की दिवाणी हक्क?

प्रश्न असा आहे की सिव्हिल कोर्टाला आपण दिवाणी कोर्ट म्हणतो, तर सिव्हिल राइट्सच्या निकालाबद्दल लिहिताना 'दिवाणी हक्क' का नाही लिहायचं, 'नागरी हक्क'च का?

कारण दोन्ही शब्द वेगळ्या गोष्टी सांगतात. दिवाणी हा फौजदारीचा जोडीदार, दोन्ही फारसीच्या वाटेने आलेले, दिवाणाकडे महसूल आणि फौजदाराकडे बंदोबस्त. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये कोर्टं बसवली तेव्हा त्यांची नावंच दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत होती. म्हणजे दिवाणी म्हटलं की केस कुठल्या पद्धतीने चालणार ते कळतं, आणि हक्क कसला आहे ते नागरी या शब्दाने कळतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीने तो फोडून दोन केले हे मला फार मोलाचं वाटतं.

चवदार तळ्याचंच बघा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडला तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्याच डिसेंबरात काही सवर्णांनी तिथल्या कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम आणला. म्हणणं काय, तर तळं वापरायची वहिवाट अनादि काळापासून फक्त आमची. वहिवाट हा एरवी बांधाच्या नाहीतर रस्त्याच्या भांडणातला शब्द, तो माणसांना पाण्यापासून लांब ठेवायला पुढे केला गेला, आजही हे वाचताना संताप येतो. नऊ वर्षांहून जास्त कोर्टकचेरी चालली आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अशी अनादि काळापासूनची प्रथा सिद्ध झालेली नाही. तर इथे दावा दिवाणी होता पण हक्क नागरी.

आता याच्या उलट बाजू. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, 1955 ला अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला आणि 1976 मध्ये त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. या कायद्याखाली कर्नाटकातली एक केस सुप्रीम कोर्टात गेली, कर्नाटक राज्य विरुद्ध आप्पा बाळू इंगळे, त्यात दलितांना बोअरवेलचं पाणी भरू दिलं नव्हतं, आणि हायकोर्टाने दिलेली सुटका सुप्रीम कोर्टाने उलटवली. भांडण पुन्हा पाण्याचंच, हक्क नागरीच, पण खटला फौजदारी! इथे कोणी 'दिवाणी हक्क' लिहिलं तर वाक्याचा अर्थच बिघडतो.

एक बारकावा राहिला, आणि बातम्यांत चूक इथेच जास्त होते. या अधिनियमात नागरी हक्काची व्याख्या अगदी नेमकी आहे, कलम 17 ने अस्पृश्यता संपल्यामुळे माणसाला जो हक्क मिळतो तो. त्यामुळे भारतातल्या भाषणस्वातंत्र्याच्या निकालाला सरसकट नागरी हक्क म्हणण्यापेक्षा 'मूलभूत हक्क' लिहा. 'नागरिकांचे हक्क' पण जपून, कारण संविधानाचं कलम 19 (भाषणस्वातंत्र्य वगैरे) नागरिकांपुरतं आहे पण 14 (समानता) आणि 21 (जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण) कुठल्याही व्यक्तीला लागू होतात, ती परदेशी असली तरी. अमेरिकेच्या 1964 च्या कायद्याला मात्र नागरी हक्क कायदा म्हणायला काहीच हरकत नाही. 'दिवाणी हक्क' हा शब्द चुकीचा नाही, तो जमीन, वारसा, करार असल्या वादांसाठी ठेवा.