आरोग्य प्रश्नोत्तरे : वीज नसताना इन्सुलिन, चिखलातले पाय आणि हापूस

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून ते दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात आमच्या गावातले विजेचे खांब आडवे झाले आणि वीज यायला बरेच दिवस लागले. तेव्हा शेजाऱ्यांनी वडिलांचे इन्सुलिन मासळीच्या बर्फपेटीत ठेवले होते. ते योग्य होते का? पुन्हा तशी वेळ आली तर काय करावे?
– एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : शेजाऱ्यांची तत्परता मोलाची होती, परंतु जागा चुकली. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गोठले की त्याची घडण मोडते आणि वितळल्यानंतर ते पूर्ववत होत नाही. म्हणून बर्फाला टेकून गोठलेली कुपी दिसायला चांगली असली तरी टाकून द्यावी. फ्रीजमध्येही ती बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. मात्र वापरात असलेली कुपी फ्रीजबाहेर, २५ ते ३० अंशांच्या आत, साधारणपणे ४ आठवडे चालते (नेमके दिवस खोक्यातल्या पत्रकात दिलेले असतात), आणि ही गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसल्यामुळे वीज जाताच नको इतकी घबराट होते.

घरगुती उपाय म्हणजे मातीचे मडके. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात लहान मडके बसवावे, कुपी झाकणाच्या डबीत घालून त्या लहान मडक्यात ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि वाळू सुकू देऊ नये. पाणी बाष्प होऊन उडून जाते तेव्हा मडके गार होते. आता यातली एक अडचण कोकणात राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. भर पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे पाणी फारसे उडत नाही आणि मडके जेमतेम गार होते. त्या दिवसांत बाहेरचे तापमानही खाली आलेले असते, म्हणून निभावते. खरा कस लागतो तो मे महिन्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात. अशा वेळी कौलांखालचा तापणारा माळा आणि चुलीकडची भिंत टाळून माजघरातला जमिनीलगतचा अंधारा कोपरा निवडावा. बर्फ वापरायचाच असेल तर कुपी जाड फडक्यात गुंडाळून डबीत ठेवावी आणि डबी बर्फाला टेकू देऊ नये.

नितळ इन्सुलिन गढूळ दिसू लागले, किंवा दुधाळ इन्सुलिन तळहातांमध्ये हलके फिरवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. उष्णतेने कमी झालेला गुण डोळ्यांना मात्र दिसत नाही. तेव्हा आहार आणि डोस तेच असताना साखर वाढत राहिली तर कुपीवर संशय घ्यावा, नवी कुपी उघडावी आणि डॉक्टरांना कळवावे. इन्सुलिन घेणे आपल्या मनाने थांबवू नये.

आपल्या पत्रात नसलेली, पण अशाच धांदलीत घडणारी एक चूक सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते; इन्सुलिन पेनमध्ये बसवायच्या औषधाच्या नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, मात्र तेवढ्यातच १०० युनिट असतात. कोणाकडून उसने आणलेल्या कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढले, तर डोस अडीच पट होतो आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे होत. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल पण लक्षणे असतील, तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि गरज वाटल्यास पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून ९ वर्षांपासून मला मधुमेह आहे. तळव्यांना बधिरपणा आला आहे. डॉक्टर चिखलात उतरू नका म्हणतात, पण तरवा (भाताची रोपे) तयार झाल्यावर लावणीला माणसे मिळत नाहीत. मी काय करावे?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : ‘उतरूच नका’ असे लिहिणे मला सोपे आहे, परंतु आपण उतरणार हे गृहीत धरूनच उत्तर देतो. बधिर पायाला काटा, शिंपला किंवा फुटकी काच लागलेली कळत नाही, दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते, आणि साखर जास्त असेल तर ती लवकर भरत नाही. शिवाय उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू अशा जखमांवाटे शरीरात शिरतात. तेव्हा पायाला जखम असेल त्या दिवशी शेतात जाऊच नये. एरवी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात पाहावेत, किंवा घरातल्या कोणाला तरी दाखवावेत. गारठलेले पाय चुलीपुढे शेकू नयेत. बधिर कातडी भाजली तरी पत्ता लागत नाही, आणि अशा भाजण्यातून चिघळलेल्या जखमा मी दर पावसाळ्यात पाहतो. जखमेवर पाला बांधून चार दिवस वाट पाहण्याचा धोका आपण पत्करू नये. लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या, तर शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

प्रश्न : दारात हापूसची कलमे आहेत. मधुमेह्याने आंबा अजिबात खाऊ नये का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : साखर आटोक्यात असेल तर खावा, पण मोजून. अर्ध्या मध्यम आंब्याच्या फोडी पुरेत, आणि त्या दिवशी त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा. आमरस नको, कारण वाटीभर रसात किती आंबे गेले हे खाणाऱ्याला कळत नाही. खाण्यापूर्वी आणि २ तासांनी साखर मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवावी.