४५ अंश म्हणजे १५ च्या तिप्पट नव्हे, भाऊ

प्रश्न दोन आहेत: नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूर ४५ अंशांवर, डिसेंबरच्या सकाळी १५ वर, म्हणजे तिप्पट गरम का? आणि तापमान मोजायला केल्विन असताना रँकिन ही दुसरी मोजपट्टी कशाला?

तिप्पट नाही. सेल्सिअसचं शून्य म्हणजे बर्फ वितळण्याचा बिंदू. उष्णता तिथे संपत नाही. खरं शून्य उणे २७३.१५ ला. तिथून मोजलं की सकाळ २८८.१५ केल्विन आणि नवतपा ३१८.१५. फरक जेमतेम दहा टक्के. घाम तिप्पट येतो, ती गोष्ट वेगळी.

नुसता आकड्यांचा खेळ वाटत असेल तर टायर बघा. सकाळी २५ अंशांत ३२ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली आणि दुपारी वर्धा रोडवर टायरातली हवा ६५ अंशांवर गेली. सेल्सिअसच्या हिशेबाने दाब २.६ पट, म्हणजे ८३! रस्ताभर टायर फुटले असते. केल्विनने करा: ३३८.१५ भागिले २९८.१५, म्हणजे १.१३ पट. इथे मी स्वतः एकदा फसलो होतो, कारण हवेवाल्याचं मीटरही खऱ्या शून्यापासून मोजत नाही. बाहेरच्या हवेचे १४.७ आधी मिळवायचे, गुणायचं, मग वजा करायचे. उत्तर येतं साधारण ३८.

आता नावं. विल्यम थॉमसनने ही केल्विनची मोजपट्टी १८४८ मध्ये मांडली. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले, तेव्हा ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव त्यांनी घेतलं. म्हणजे एकक शास्त्रज्ञाच्या नावाचं असलं तरी मूळ नाव नदीचंच. नाग नदीवरून शहराचं नाव पडलेल्या आपल्या नागपूरकरांना हे नवल वाटू नये.

रँकिन त्याच विद्यापीठातले, अभियांत्रिकीचे प्राध्यापक. वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या या माणसाने १८५९ मध्ये तेच शून्य ठेवून पायरी फॅरनहाइटची घेतली. फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की झालं. आपले ४५ म्हणजे ११३ फॅरनहाइट, म्हणजे ५७२.६७ रँकिन. अमेरिकेतल्या जुन्या इंजिनिअरिंग पुस्तकांत भेटेल, बाकी आपल्याकडे त्याचं फारसं काम नाही.

आणि हो, प्रश्न विचारताना तुम्ही '३१८ अंश केल्विन' लिहिलंय. त्यातला 'अंश' १९६७ मध्येच काढून टाकलाय. नुसतं ३१८ केल्विन लिहा. रँकिनला अजून लावतात.